ओके प्रॉम्प्टवर अडकलेलं सन मशीन

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याची डिझाइनची खोली असो, कॉलेजच्या लॅबचा कोपरा असो, नाहीतर भंगारवाल्याचं गोडाऊन. सन मायक्रोसिस्टिम्सचं अल्ट्रा ५ किंवा स्पार्कस्टेशन ५ हे नव्वदच्या दशकातलं वर्कस्टेशन सापडलं की सोबत एकच वाक्य ऐकायला मिळतं, "चालू होत नाही, घेऊन जा." यातली बरीचशी मशीन्स मेलेली नसतात, फक्त स्वतःचं नाव-गाव विसरलेली असतात. खरी मारतो तो घाईघाईत नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणारा माणूस. जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनच्या होस्ट आयडीला, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं असू शकतं. डिस्क पुसली की लायसन्सची फाइल गेली, आणि ती परत द्यायला कंपनी शिल्लक असेलच असं नाही.

पुढचं बहुतेक सगळं सन आणि त्याच्या सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल आहे. कमांड इथे नागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरा आणि डॅश, प्रश्नचिन्ह जिथल्या तिथे ठेवा.

मशीन अजून चालू असेल तर त्याला हात लावायच्या आधी कागद घ्या. 'होस्टआयडी', 'आयएफकॉन्फिग -ए' (रूट म्हणून, नाहीतर इथरनेट पत्ता दिसत नाही), 'ईप्रॉम', 'डीएफ -के' आणि डिस्कच्या स्लाइस २ वर (स्लाइस म्हणजे पार्टिशन, २ म्हणजे अख्खी डिस्क) 'पीआरटीव्हीटीओसी', एवढ्यांचं उत्तर उतरवा. सोबत '/ईटीसी/व्हीएफएसटॅब' आणि लायसन्सची फाइल छापून घ्या. छापून म्हणजे कागदावरच. त्याच डिस्कवर ठेवलेली नोंद डिस्कसोबतच जाते. हा कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला की पुढे येणाऱ्या माणसाचा दिवस वाचतो.

आता विसरलेल्या मशीनकडे. मदरबोर्डवर सॉकेटमध्ये एक उंच टोपीची काळी चिप असते. जुन्या स्पार्कस्टेशन १, २, आयपीएक्समध्ये एम४८टी०२, स्पार्कस्टेशन ५, १०, २० मध्ये एम४८टी०८ आणि अल्ट्रा मालिकेत एम४८टी५९. घड्याळ, बूटची सेटिंग्ज, इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी या सगळ्यांचा ठिकाणा ही एकच चिप. टोपीत लिथियमचा सेल असतो आणि उत्पादक त्याचं आयुष्य साधारण १० वर्षं सांगतो. अल्ट्रा ५ बाजारात आलं १९९८ मध्ये, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

सेल संपल्याची खूण ठरलेली. चालू करताच आयडीप्रॉम (चिपमधला ओळखीचा भाग) इनव्हॅलिड असल्याचा संदेश येतो, इथरनेट पत्त्याच्या जागी एफएफ:एफएफ असं ओळीनं दिसतं आणि मग एआरपी/आरएआरपी पॅकेटची वाट पाहून टाइमआउट झाल्याची ओळ पुन्हा पुन्हा उमटत राहते. ही ओळ पाहून लोक नेटवर्कची केबल बदलत बसतात. केबलचा काही संबंध नसतो. सेटिंग्ज उडाल्यामुळे मशीन डायग्नोस्टिक मोडमध्ये जातं, आणि त्या मोडमध्ये ते डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट होऊ पाहतं. सनच्या कीबोर्डवर स्टॉप-ए दाबा, ओके प्रॉम्प्ट येईल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधीची मशीनची स्वतःची कमांड ओळ. तिथे 'सेटएन्व्ह डायग-स्विच? फॉल्स' आणि मग 'बूट डिस्क'. डिस्क धड असेल तर सोलॅरिस उठतं. नेटवर्क आणि लायसन्स मात्र होस्ट आयडी परत दिल्याशिवाय चालत नाही.

होस्ट आयडी कुठून आणायचा? पहिली जागा म्हणजे लायसन्सची फाइल. फ्लेक्सएलएम या लायसन्स तपासणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत 'सर्व्हर'ने सुरू होणारी ओळ असते. तिच्यात मशीनचं नाव आणि त्यापुढे आठ हेक्स अंकांचा (० ते ९ आणि ए ते एफ) होस्ट आयडी असतो. दुसरी जागा म्हणजे त्या काळ्या चिपवरचं स्टिकर, त्यावर बऱ्याचदा शेवटचे अंक छापलेले असतात. तिसरी जागा म्हणजे जुन्या स्विचची किंवा सर्व्हरची नोंद, जिथे इथरनेट पत्ता टिपलेला असू शकतो. आठपैकी पहिले दोन अंक मशीनचा प्रकार सांगतात. स्पार्कस्टेशन १० आणि २० साठी ७२, स्पार्कस्टेशन ५ आणि अल्ट्रासाठी ८०. उरलेले सहा अंक बहुतेक वेळा इथरनेट पत्त्याचे शेवटचे तीन बाइट असतात. सनच्या या काळातल्या पत्त्याची सुरुवात ०८:००:२० अशी.

समजा प्रकार ८० आहे आणि शेवटचे तीन बाइट १२, ३४, ५६ आहेत. ओके प्रॉम्प्टवर आधी 'सेट-डिफॉल्ट्स' आणि मग एकेका ओळीत:

१ ० एमकेपी
८० १ एमकेपी
८ २ एमकेपी
० ३ एमकेपी
२० ४ एमकेपी
१२ ५ एमकेपी
३४ ६ एमकेपी
५६ ७ एमकेपी

प्रत्येक ओळीत आधी किंमत, मग खान्याचा क्रमांक. पुढे खाना ८, ९, ए आणि बी मध्ये शून्य. ती कारखान्यातली तारीख असते, शून्य चालतं. सी, डी, ई या खान्यांत पुन्हा १२, ३४, ५६. शेवटच्या एफ खान्यात चेकसम, म्हणजे आधीच्या सगळ्या पंधरा बाइटांचा एक्सऑर (दोन बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक). इथे एक सोय आहे. होस्ट आयडीचे सहा अंक आणि पत्त्याचे शेवटचे तीन बाइट सारखेच असतील आणि तारीख शून्य असेल, तर ते बाइट एक्सऑरमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. मग ८० प्रकारासाठी चेकसम नेहमी ए९ येतो आणि ७२ प्रकारासाठी ५बी. दोन्ही वेगळे असतील तर मात्र कॅल्क्युलेटर हेक्समध्ये ठेवून पूर्ण गणित करावं लागतं. ओके प्रॉम्प्टवरचे आकडे मुळात हेक्समध्येच धरले जातात, ते विसरू नका. झालं की 'बॅनर' टाइप करा. पत्ता आणि आयडी बरोबर दिसले तर अल्ट्रावर 'रीसेट-ऑल', जुन्या मशीनवर 'रीसेट'.

सेल मेलेलाच असेल तर हे सगळं पुढच्या वेळी वीज जाईपर्यंतच टिकतं. कायमचा इलाज म्हणजे चिप बदलणं किंवा टोपी कापून बाहेर सीआर२०३२ सेलचा होल्डर जोडणं. ऑनलाइन "नवी" म्हणून येणारी चिप नीट पाहा. वरचा चार आकडी कोड वर्ष आणि आठवड्याचा असतो, आणि जुनीच चिप घासूनपुसून नव्याच्या भावात खपवली जाते. टोपी कापणार असाल तर दोन गोष्टी पाळा. एका टोकाला सेल असतो, दुसरीकडे घड्याळाचा क्रिस्टल. त्यामुळे कापण्याआधी तुमच्या चिपच्या नमुन्याचा आतला आराखडा पाहून सेलचं टोक पक्कं करा. आणि आतल्या सेलची तार पूर्ण तोडा. नुसता नवा सेल समांतर जोडला तर मेलेला सेल त्याला पिऊन टाकतो. सॉकेटमधून चिप काढताना खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो घ्या. उलटी बसली तर ओळख देणारं काहीच उरत नाही.

कन्सोलबद्दल. सनचा मॉनिटर नसेल तर शोधत फिरू नका. कीबोर्ड न लावता मशीन चालू केलं की सगळं सीरियल पोर्ट ए वर येतं. वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. अल्ट्रा ५ वर पोर्ट ए हा २५ पिनांचा आणि बी ९ पिनांचा. सोयीचा वाटतो म्हणून लोक ९ पिनांच्या पोर्टला लॅपटॉप लावतात आणि काळा पडदा बघत बसतात. केबल नल मोडेमचीच हवी, म्हणजे पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या तारा अदलाबदल केलेली. ओके प्रॉम्प्टसाठी पुट्टी या टर्मिनल प्रोग्रामच्या मेनूतून ब्रेक पाठवा. स्वस्त यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर कधी कधी ब्रेक पाठवतच नाही. तेव्हा टर्मिनलचा वेग १२०० वर आणून दोन-चार वेळा स्पेस दाबा आणि परत ९६०० करा. सनला ते ब्रेकसारखंच दिसतं.

हाच ब्रेक उलटाही बाधतो. सीरियल कन्सोलला लावलेला पीसी वीज गेल्यामुळे बंद पडला, किंवा चालू मशीनचा कीबोर्ड कोणी उपसला, की यूपीएसवर व्यवस्थित चालणारं सन मशीन ओके प्रॉम्प्टवर येऊन थांबतं. मशीन हँग झालं असं वाटतं, पण 'गो' टाइप केलं की ते जिथे होतं तिथून पुढे चालू लागतं. 'गो'ने परत गेलं नाही तर थेट स्विच बंद करण्यापेक्षा 'सिंक' द्या, म्हणजे मेमरीत अडकलेलं लेखन डिस्कवर उतरून मशीन रीबूट होतं. सोलॅरिस ८ पासून यावर उपाय आहे. '/ईटीसी/डिफॉल्ट/केबीडी' फाइलीत 'कीबोर्ड_अबॉर्ट' या नावापुढे 'ऑल्टरनेट' लिहा. मग साध्या ब्रेकने मशीन थांबत नाही, एंटर, टिल्डा आणि कंट्रोल-बी असा क्रम द्यावा लागतो. या फाइलीतली नावं मोठ्या अक्षरांत आहेत. आणि कीबोर्ड चालू मशीनला लावू-काढू नका, मदरबोर्डवरचा त्याचा फ्यूज उडतो.

सोलापुरात याच्याही आधी वीज आणि उन्हाळा बघावा लागतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याच्या शेडखालच्या खोलीत कॅबिनेटच्या आतलं तापमान डिस्कला सोसणारं राहत नाही. यंत्रमागाच्या शेजारी ठेवलेल्या मशीनमध्ये कापसाचे बारीक तंतू पॉवर सप्लायच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, कारण जोरात फिरणारा पंखा स्वतःच वीज तयार करून बोर्डात ढकलतो. आणि मशीनसमोर पाण्याचा कूलर ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार बोर्डावर वाळले की पांढरा क्षार राहतो आणि दमट दिवसांत तोच पिनांमध्ये वीज वाहून नेतो. कूलर लावायचाच असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी उघडी ठेवून.

अर्थिंग उन्हाळ्यात बिघडतं. मातीचा थर पातळ, खाली खडक, त्यामुळे खड्डा एप्रिलमध्येच कोरडा पडतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टपर्यंत ठीक, त्याच्या बरंच वर असेल तर खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनला बोलवा. अर्थ नसलेल्या खोलीत दोन पिनांच्या ॲडॅप्टरवरचा लॅपटॉप सीरियल केबलने जोडला की ॲडॅप्टरची गळती थेट सनच्या पोर्टमधून वाट काढते आणि पोर्टची चिप जाते. लॅपटॉप बॅटरीवर घ्या, दोन्ही मशीनचे सांगाडे आधी तारेने जोडा, मग केबल लावा. परदेशातून भंगारात आलेल्या मशीनच्या मागे लाल रंगाचा छोटा व्होल्टेज स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, ते प्लग घालण्याआधी पाहा.

डिस्क. वर्षानुवर्षं अखंड फिरलेली डिस्क दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस थंड झाली की पाडव्यानंतर फिरायलाच नकार देते. म्हणून कारखाना बंद होण्याआधी प्रत घ्यायची, उघडल्यावर नाही. मशीन उभं असेल तर 'आयओस्टॅट -ईएन' (ई मोठं) प्रत्येक डिस्कच्या हार्ड आणि सॉफ्ट एररची संख्या देतं. हार्ड एरर शून्याच्या वर आणि वाढत असतील तर बाकी सगळं सोडून प्रत घ्या. 'फॉरमॅट'च्या ॲनलाइझ मेनूत फक्त 'रीड' वापरा. त्याच यादीतलं 'राइट' आणि 'पर्ज' डिस्क पुसतात आणि मेनूत 'रीड'च्या जवळच बसलेले असतात.

'डीडी'ने प्रत घेताना 'नोएरर,सिंक' देऊन ब्लॉक १ मेगाबाइटचा ठेवला तर एका खराब सेक्टरपायी अख्ख्या मेगाबाइटचं नुकसान होऊ शकतं. खराब भागावर ब्लॉक ५१२ चा करा, वेळ लागू दे. त्याहून बरं म्हणजे डिस्क काढून लिनक्स पीसीला लावा आणि डीडीरेस्क्यू चालवा. अल्ट्रा ५ ची डिस्क साधी आयडीई आहे. इमेज मिळाली की लिनक्सवर ती यूएफएस (सोलॅरिसची फाइलसिस्टीम) म्हणून माउंट होते, फक्त 'यूएफएसटाइप=सन' आणि 'आरओ' हे दोन्ही पर्याय द्यावे लागतात.

स्कझीच्या (डिस्क साखळीने जोडायची जुनी पद्धत) मशीनवर डिस्क दिसत नसेल तर 'प्रोब-स्कझी-ऑल'. अल्ट्रावर ही कमांड स्टॉप-ए नंतर लगेच दिली तर मशीन लटकतं. आधी 'सेटएन्व्ह ऑटो-बूट? फॉल्स', मग 'रीसेट-ऑल', मग प्रोब. काम झालं की ऑटो-बूट परत 'ट्रू' करायचं राहून जातं, तेही कागदावर लिहा. स्पार्कस्टेशनमध्ये पहिली डिस्क आयडी ३ वर, सीडी ६ वर, कंट्रोलर स्वतः ७ वर. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, मध्ये कुठेही नाही. हे चुकलं की डिस्क दिसते, बूटही होते, आणि जड कामाला लागताच लॉगमध्ये ट्रान्सपोर्ट फेल आणि रीसेटच्या ओळी येऊ लागतात. डिस्क खराब म्हणून फेकण्याआधी केबल आणि टर्मिनेटर बदलून बघा. नव्या डिस्कच्या जागी ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीसारखं एसडी कार्डाचं बोर्ड चांगलं चालतं, आणि कार्डाची दुसरी प्रत ड्रॉवरमध्ये ठेवता येते. माझ्या मते आता जुन्या स्कझी डिस्कवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

सीडीवरून बूट होत नसेल तर ड्राइव्ह ५१२ बाइटचा ब्लॉक देतो का ते बघा. सनला तोच लागतो आणि पीसीचे बरेच स्कझी ड्राइव्ह फक्त २०४८ देतात.

रूटचा पासवर्ड कोणाला माहीत नाही ही नेहमीची गोष्ट. 'बूट सीडीरॉम -एस', मग डिस्कच्या स्लाइस ० वर 'एफएससीके', मग ती '/ए' वर माउंट. सीरियलवर असाल तर 'टर्म' ही व्हेरिएबल (नाव मोठ्या अक्षरांत) व्हीटी१०० करा, नाहीतर व्हीआय नीट उघडत नाही. '/ए/ईटीसी/शॅडो' मध्ये रूटच्या ओळीतल्या पहिल्या दोन कोलनांमधला मजकूर काढा, सेव्ह करा, अनमाउंट, रीबूट. एफएससीके सुपरब्लॉक (फाइलसिस्टीमची मुख्य नोंद) सापडत नाही म्हणाला तर '-ओ बी=३२' देऊन पर्यायी सुपरब्लॉक वापरा. तोही खराब असेल तर बाकीच्यांची यादी 'न्यूएफएस -एन' देतं. ते एन मोठं, आणि ते विसरलात तर यादी मिळत नाही, फाइलसिस्टीम पुसली जाते. ही ओळ मी टाइप केल्यावर एंटरआधी दुसऱ्याकडून वाचून घ्यायला सांगतो.

लिनक्सची सवय असलेल्यांसाठी तीन खड्डे. सोलॅरिसचं 'किलऑल' नावाने एखादा प्रोसेस मारत नाही, सगळेच मारतं. 'होस्टनेम -एफ' रूट म्हणून दिलं तर पूर्ण नाव दाखवत नाही, मशीनचं नावच '-एफ' करून टाकतं, आणि नावावर अवलंबून असलेलं सगळं अडकतं. रूटचं शेल '/एसबिन/एसएच'च ठेवा. '/यूएसआर' माउंट झालं नाही तर बॅश सुरू होत नाही आणि लॉगिनचाच रस्ता बंद होतो.

रूट पार्टिशन अचानक १०० टक्के भरलं की आधी '/डेव्ह' पाहा. टेप ड्राइव्ह बंद असताना बॅकअप चालवला, किंवा '/डेव्ह/आरएमटी/०' लिहिताना शून्याऐवजी ओ पडला, की टेपच्या नावाची साधी फाइल तयार होते आणि अख्खा बॅकअप तिच्यात जाऊन बसतो. 'फाइंड /डेव्ह -टाइप एफ' ती दाखवतं. '/व्हार/एसएडीएम' कितीही मोठं दिसलं तरी काढू नका, पॅकेज आणि पॅचची नोंद तिथे आहे.

नेटवर्क. स्पार्कस्टेशनचं 'एलई' कार्ड १० एमबीपीएसचं असतं आणि काही नव्या स्विचना १० चा वेग येतच नाही. मध्ये जुना १०/१०० चा स्विच ठेवणं हाच सोपा मार्ग. सनच्या मशीनमध्ये दोन नेटवर्क कार्डं असतील तर दोन्हींचा इथरनेट पत्ता मुळात एकच असतो. एकाच स्विचमध्ये दोन्ही लावली की पॅकेट कधी इकडे, कधी तिकडे. 'लोकल-मॅक-ॲड्रेस?' ट्रू करा. नव्या लॅपटॉपवरून सोलॅरिस ९ ला एसएसएच लागत नाही, कारण ओपनएसएसएचने जुनी की-एक्सचेंज पद्धत आणि डीएसएस की २०१५ च्या ७.० आवृत्तीतच बंद केल्या. की-एक्सचेंज पद्धत पर्यायाने परत चालू करता येते, पण फक्त त्या एका होस्टसाठी करा; डीएसएस मात्र २०२५ च्या १०.० आवृत्तीत पूर्णच काढली, त्यासाठी जुनी आवृत्ती लागते. आणि हे मशीन इंटरनेटला जोडू नका. त्याला एक स्विच, एक लिनक्स पीसी, बस.

सिलिकॉन ग्राफिक्स या दुसऱ्या कंपनीच्या इंडी किंवा ओ२ वर्कस्टेशनचं थोडक्यात. सुरू होताना एस्केप दाबलं की मेंटेनन्स मेनू येतो, त्यातल्या कमांड मॉनिटरमध्ये 'हिन्व्ह' सगळं हार्डवेअर सांगतं. 'सेटएन्व्ह कन्सोल डी' केलं की कन्सोल सीरियलवर जातो. इंडीचा मॉनिटरसाठीचा १३डब्ल्यू३ कनेक्टर सनसारखाच दिसतो, पण सिंकची जोडणी वेगळी आहे. सनचा ॲडॅप्टर इंडीला लावून चित्र आलं नाही म्हणून ग्राफिक्स बोर्ड गेला असं समजू नका.

राहिली डिझाइनच्या फाइली बाहेर काढण्याची गोष्ट. एफटीपी वापरलं तर आधी 'बायनरी' द्या, नाहीतर फाइल थोडी बिघडून येऊ शकते आणि ते महिन्यांनी कळतं. 'टार' करून हलवणं चांगलं, त्यात फाइलींच्या तारखाही टिकतात. ती टार विंडोजवर उलगडू नका. युनिक्सवर मोठ्या आणि छोट्या अक्षरांतली नावं दोन वेगळ्या फाइली असतात, विंडोजवर दुसरी पहिलीवर बसते आणि कुठेही एरर येत नाही. लिनक्सवर उलगडा, दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि 'सीकेसम'चे आकडे जुळवा, मग पुढे पाठवा.